पुण्याचा मागे घेतलेला पेपर

मंडळी, लातूर पॅटर्नमधून दरवर्षी पोरं डॉक्टर व्हायला बाहेर पडतात. त्यातली काही पुढं संशोधनातही जातात. म्हणून पुण्याची ही जुनी गोष्ट. आपल्याकडं ती फारशी कुणी सांगत नाही.

पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या डॉ. गोपाल कुंडू यांच्या गटाचा कर्करोगाशी संबंधित एक पेपर 2005 साली 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री' या अमेरिकी नियतकालिकात आला. कुंडू म्हणजे साधं नाव नव्हे, 2004 चं भटनागर पारितोषिक त्यांना मिळालेलं. 2006 मध्ये निनावी ईमेल फिरू लागले: यातली काही चित्रं याच गटाच्या 2004 च्या पेपरातली आहेत, फक्त लेबलं बदललीत.

चित्रं कसली? वेस्टर्न ब्लॉटची. पेशींतली प्रथिनं जेलमधून पळवून वेगळी करायची, पातळ पडद्यावर उतरवायची, मग फिल्मवर काळ्या पट्ट्या उमटतात. पट्टी गडद, तर प्रथिन जास्त. म्हणजे पट्टी हाच पुरावा! आणि दोन वेगळ्या प्रयोगांत पट्टीच्या कडा, बारीक डाग हुबेहूब जुळत नसतात.

आरोप कुंडूंनी मान्य केला नाही. ज्येष्ठ शास्त्रज्ञ जी. पद्मनाभन यांच्या समितीनं त्यांना निर्दोष ठरवलं. 'सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज' या शास्त्रज्ञांच्याच संस्थेनं मात्र फेरफार झाल्याचं म्हटलं. नियतकालिकानं 2007 मध्ये पेपर मागे घेतला. पुढं बेंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसनं कुंडूंना तीन वर्षं आपल्या कामकाजातून बाहेर ठेवलं. एकच पेपर, निकाल मात्र उलटसुलट. सामान्य माणसानं कुणाचं धरायचं, सांगा बरं?

माझ्या मते खरी अडचण इथंच आहे. अमेरिकेत अशा चौकशीसाठी 1992 पासून सरकारी कार्यालय आहे. आपल्याकडं ज्या संस्थेवर बोट, तीच समिती नेमते.

हे फक्त पुण्याचं नाही बरं का. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी 20,621 पेपर डोळ्यांनी तपासले, 2016 मध्ये निष्कर्ष छापले: 3.8 टक्क्यांत चित्रांचा घोळ. त्याआधी वर्षभरच, 2015 मध्ये, आपल्या मेडिकल कौन्सिलनं मेडिकल कॉलेजच्या प्राध्यापकांच्या बढतीसाठीची छापील पेपरांची अट आणखी कडक केली होती. रोज ओपीडी उपसणाऱ्या, धड प्रयोगशाळाही नसलेल्या मास्तरांनाही तीच अट.