बुधवारचा बाजार आणि आमचा घेरिया

इंग्लंडला मुलीकडे गेलेला मराठी बाप साधारण काय काय बघतो? लंडन, लॉर्ड्सचं मैदान, शेक्सपिअरचं गाव. ते सगळं माझं आधीच्या खेपेला झालं होतं. या खेपेला मी लेकीला म्हटलं, "मला बुधवारी मार्केट ड्रेटनला जायचंय."

"तिथे काय आहे बाबा?"

"बाजार आहे."

ती हसली. बाजार बघायला एवढ्या लांब? पण मला जायचंच होतं. का, ते पुढे सांगतो.

मार्केट ड्रेटन हे श्रॉपशायर परगण्यातलं बाजाराचं गाव. तिथली रेल्वे १९६० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे श्रूजबरीपर्यंत आगगाडी आणि पुढे बस. दर बुधवारी बाजार भरवायची सनद तिसऱ्या हेन्री राजाने १२४५ साली दिली. १२४५ म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादवांचं राज्य होतं, ज्ञानेश्वरांचा जन्मही व्हायचा होता. तो बुधवार अजून चालू आहे! अंडी, चीज, भाज्या, मोजे, फुलांची रोपं... आपल्या आठवडी बाजारासारखंच सगळं, फक्त आरडाओरडा कमी.

१६५१ साली मोठी आग लागून गावाचा बराच भाग जळाला होता. त्यानंतर बांधलेली, काळ्या लाकडी चौकटीची आणि पांढऱ्या भिंतींची घरं आजही बघायला मिळतात. मध्यभागी बटरक्रॉस नावाचा खांबांवरचा मंडप आहे, पूर्वी शेतकरणी तिथे लोणी विकायला बसत. गावाबाहेरून टेलफर्डने आखलेला कालवा जातो. त्याच्या काठाने चालत गेलं की टायर्लीची पाच लॉक लागतात, म्हणजे होड्या पायरी-पायरीने वर चढवणारे पाण्याचे दरवाजे. अर्धा दिवस तिथे सहज जातो. आणि इथली खासियत म्हणजे जिंजरब्रेड, आल्याचं कडक बिस्किट. ते पोर्ट वाइनमध्ये बुडवून खायची रीत आहे. मी आपलं चहात बुडवलं. छान लागलं.

असो. आता खरं कारण.

गावातल्या सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्याकडे बोट दाखवून इथले लोक एक गोष्ट सांगतात. एक वांड पोरगा म्हणे एकदा या मनोऱ्यावर चढला आणि वरच्या दगडी राक्षसाच्या तोंडावर जाऊन बसला. पोरांची टोळी जमवून तो दुकानदारांकडून खंडणीही घ्यायचा, नाही दिली तर खिडक्यांच्या काचा धोक्यात. गोष्ट सांगणाऱ्या आजी हसत होत्या. खोडकर नातवाबद्दल बोलावं तसं त्या बोलत होत्या. मी पण हसलो. आणि मग माझं मलाच कसंतरी झालं.

त्या पोराचं नाव रॉबर्ट क्लाइव्ह. जन्म १७२५, गावाजवळच्या स्टाइच हॉलमधला. बंगालचा तो क्लाइव्ह, प्लासीचा क्लाइव्ह. पण माझ्यासाठी तो आधी घेरियाचा क्लाइव्ह आहे. माझं आजोळ गिर्ये, विजयदुर्गाला लागून. इंग्रजांच्या कागदांत विजयदुर्गाचं नावच 'घेरिया'.

लहानपणी मे महिन्यात आजोबा आम्हाला किल्ल्यावर न्यायचे आणि खाडीकडे हात करून सांगायचे, "इथे फिरंग्यांनी आपलं आरमार जाळलं." तेवढंच. पुढचं मला कॉलेजात गेल्यावर पुस्तकांतून कळलं. फेब्रुवारी १७५६. समुद्रातून ॲडमिरल वॉटसनचा तोफखाना, जमिनीवर इंग्रज फौजेचा प्रमुख तीस वर्षांचा क्लाइव्ह. तोफेच्या माऱ्याने एक जहाज पेटलं आणि त्यापाठोपाठ तुळाजी आंग्र्यांचं सारं आरमार. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसातच वाटून घेतली.

पण इंग्रजांना बोलावलं कोणी होतं? पेशव्यांनी! नानासाहेबांनी १७५५ सालीच मुंबईकर इंग्रजांशी करार केला होता. तुळाजी जुमानत नव्हता, मराठी मुलखालाही उपद्रव देत होता, हेही खरंच. हल्ल्याच्या वेळी तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या सरदाराच्या छावणीत गेला होता. तो किल्ल्यात परत आलाच नाही. उरलेलं आयुष्य त्याने आपल्याच लोकांच्या कैदेत काढलं. किल्ला ऑक्टोबरच्या तहाने पेशव्यांना मिळाला, पण त्या सौद्यात बाणकोट इंग्रजांकडे राहिला. आणि क्लाइव्ह? तो पुढच्याच वर्षी प्लासीला होता.

आजोबांनी हा अर्धा भाग आम्हाला कधी सांगितला नाही. त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

दुपारी मी मोर्टन से या खेड्यात गेलो, ड्रेटनपासून तीनेक मैल. १७७४ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी क्लाइव्ह वारला, त्याला तिथल्या छोट्या चर्चमध्ये पुरलं. नेमकं कुठे, याची खूण नाही. भिंतीवर फक्त एक पाटी आहे. श्रूजबरीच्या चौकात मात्र त्याचा १८६० सालचा पुतळा उभा आहे. २०२० साली तो हटवायची मागणी झाली, पण तिथल्या कौन्सिलने तो ठेवायचं ठरवलं.

त्या थंडगार चर्चमध्ये मी एकटाच बाकावर बसलो होतो. मनात राग शोधत होतो, तो काही सापडेना. सारखी मनोऱ्याची गोष्ट आठवत होती. या गावाने क्लाइव्हचं पोरपण जपून ठेवलंय आणि बंगालचं, घेरियाचं दुसऱ्यांच्या खात्यावर टाकलंय. आम्ही काय वेगळं केलं? आम्ही जळतं आरमार जपलं आणि करारावरची आपली सही विसरलो. त्या आजी आणि माझे आजोबा, दोघंही आपापल्या नातवंडांना झेपेल तेवढंच सांगत होते.

रात्री गिर्येला मामांना फोन केला. नव्वदीला टेकलेत, पण कान शाबूत आहेत. कुठे जाऊन आलो ते सांगितलं आणि विचारलं, "मामा, पेशव्यांनीच बोलावलं होतं इंग्रजांना, हे आजोबांना ठाऊक होतं ना?"

थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "ठाऊक होतां रे. पण पोरांका ह्यां कसां सांगूचां?"

परतीच्या सामानात जिंजरब्रेडचा एक पुडा आहे. येत्या मे महिन्यात नातवाला घेऊन किल्ल्यावर जायचंय. तो आठ वर्षांचा आहे. बिस्किटं खाता खाता त्याला मनोऱ्यावर चढलेल्या पोराची गोष्ट सांगेन, आरमाराचीही सांगेन. आणि कराराचीसुद्धा. ती कशी सांगायची, ते अजून ठरत नाहीये.