खालिद इब्न अल्-वलीद

खालिद इब्न अल्-वलीद : (?–६४२). इस्लामच्या आरंभीच्या विजयकाळातील एक अग्रगण्य अरब सेनापती. मक्केच्या कुरैश जमातीतील मख्झूम या धनाढ्य कुळात त्याचा जन्म झाला. त्याचा पिता अल्-वलीद इब्न अल्-मुघीरा हा मक्केतील वजनदार पुढारी असून मुहंमद पैगंबरांचा कडवा विरोधक होता. खालिदही प्रथम त्याच पक्षात होता. उहुदच्या लढाईत (६२५) मुसलमानांचे तिरंदाज लुटीच्या मोहाने आपली जागा सोडून गेल्याचे पाहताच त्याने घोडदळासह त्यांच्या पिछाडीवर हल्ला चढविला आणि मक्केकरांचा होऊ घातलेला पराभव टाळला. हुदैबियाच्या तहानंतर (६२८) सु. ६२९ मध्ये मदीनेस जाऊन त्याने इस्लामचा स्वीकार केला. पुढे ईजिप्त जिंकणारा अम्र इब्न अल्-आस हाही याच सुमारास इस्लाममध्ये आला.

सांप्रतच्या जॉर्डनमधील मूता येथील मोहिमेत (६२९) पैगंबरांनी नेमलेले तिन्ही सेनानी एकापाठोपाठ पडले. तेव्हा खालिदने सूत्रे हाती घेऊन उरलेले सैन्य सुखरूप मागे आणले. ‘सैफुल्लाह’ (अल्लाची तलवार) हे त्याचे बिरुद परंपरेने याच प्रसंगाशी जोडले आहे. मक्काविजयाच्या वेळी (६३०) तो एका तुकडीचा नायक होता. त्यानंतर बनू जझीमा या टोळीतील शरण आलेल्या लोकांची त्याने कत्तल केली. पैगंबरांनी या कृत्याचा निषेध केला आणि अलीला पाठवून मृतांच्या आप्तांना भरपाई दिली.

पैगंबरांच्या निधनानंतर (६३२) अनेक अरब टोळ्यांनी मदीनेचे वर्चस्व व जकात नाकारली. पहिला खलीफा अबू बकर याने त्यांच्या बंदोबस्तासाठी जी युद्धे केली, ती ‘रिद्दा’ म्हणजे धर्मत्यागाची युद्धे म्हणून ओळखली जातात. त्यांत खालिदने बुझाखा येथे तुलैहाचा पराभव केला आणि यमामा प्रदेशात अक्रबा येथील घनघोर लढाईत मुसैलिमाचा निःपात केला. दरम्यान मालिक इब्न नुवैरा या तमीम टोळीच्या प्रमुखाला ठार करून त्याच्या विधवेशी त्याने विवाह केला. मालिक हा मुसलमान होता, अशी तक्रार मदीनेत आली. उमरने खालिदला पदच्युत करण्याचा आग्रह धरला. तथापि अबू बकरने असा सेनापती गमावण्यास नकार दिला.

६३३ मध्ये खालिद इराकच्या सीमेवर उतरला. या वेळी परिस्थिती अरबांना अनुकूल होती. बायझंटिन व सॅसॅनियन साम्राज्ये ६०२ ते ६२८ या दीर्घ युद्धाने थकली होती. अरबस्तानच्या सीमेचे रक्षण करणारे हीराचे लख्मी राज्य इराणी सम्राट दुसरा खुस्रौ याने ६०२ च्या सुमारास स्वतःच नष्ट केले होते. हीरा नगरीने खंडणी मान्य करून खालिदशी तह केला. तेथून ६३४ मध्ये निवडक सैन्यानिशी वाळवंट ओलांडून तो सिरियात दाखल झाला. या कूचाचा मार्ग व काळ यांविषयी मतभेद आहेत. मात्र अनपेक्षित दिशेने झालेल्या त्याच्या आगमनाने अरब सैन्याचे बळ वाढले. बुस्राचा पाडाव, अज्‌नादैन येथील विजय (६३४) व दमास्कसचा कबजा (सु. ६३५) हे त्यानंतरचे टप्पे होत.

सम्राट हीराक्लिअसने मोठे सैन्य पाठविताच अरबांनी दमास्कस व हिम्स ही शहरे सोडून दक्षिणेस माघार घेतली आणि यार्मूक नदीच्या परिसरात तळ दिला. ऑगस्ट ६३६ मधील लढाईत खोल घळींमुळे बायझंटिन सैन्याची परतीची वाट रोखली गेली व त्याचा विध्वंस झाला. पारंपरिक ग्रंथांत या सैन्याची संख्या एक ते दोन लाख सांगितली आहे. आधुनिक अभ्यासक ती याहून पुष्कळच कमी मानतात. या पराभवानंतर सिरिया बायझंटिनांच्या हातून कायमचा गेला.

खालिदचे अधिकार मात्र या यशाबरोबरच कमी होत गेले. ६३४ मध्ये खलीफा झालेल्या उमरने सिरियातील सरसेनापतिपद अबू उबैदाकडे सोपविले. हा बदल नेमका केव्हा झाला, याविषयी ग्रंथांत एकवाक्यता नाही. खालिदने तक्रार न करता त्याच्या हाताखाली काम केले. सु. ६३८ मध्ये एका सरदाराला त्याने दहा हजार दिरहम बक्षीस दिल्याचे निमित्त होऊन त्याला पूर्णतः दूर करण्यात आले. लोक त्याच्यावर भुलले होते आणि विजय माणसामुळे नव्हे तर ईश्वरामुळे मिळतो हे त्यांना कळावे, असे कारण उमरने दिल्याचे तबरी सांगतो. तथापि या निर्णयामागे राज्यकारभाराचा प्रश्नही होता. उमरच्या व्यवस्थेत मान व वेतन हे इस्लाममधील ज्येष्ठतेवर ठरत. खालिद उशिरा आलेला, जुन्या उमराव कुळातील व लूट स्वतःच्या विचाराने वाटणारा सेनानी होता. कादिसियाचा विजेता सअद इब्न अबी वक्कास यालाही पुढे कूफाच्या कारभारातून हलविण्यात आले. विजेत्या सेनापतींनी जिंकलेल्या प्रांतांत स्वतंत्र सत्ता उभारू नये, हे खिलाफतीचे धोरण यातून दिसते. सीझरपासून अनेक रोमन सेनानींनी जे केले, ते खालिदने केले नाही. सैन्याने बंड केले नाही आणि मदीनेचा आदेश मानला गेला. नवजात राज्याच्या दृष्टीने ही घटना एखाद्या लढाईइतकीच महत्त्वाची होती.

६४२ मध्ये हिम्स येथे, काहींच्या मते मदीनेत, तो मरण पावला. त्याच्याविषयीची माहिती मुख्यतः बलाझुरी, तबरी इत्यादी नवव्या-दहाव्या शतकांतील इतिहासकारांकडून मिळते. त्यांनी टोळ्याटोळ्यांच्या परस्परविरोधी आठवणी संकलित केल्या असल्याने अनेक लढायांचा क्रम अनिश्चित राहतो. त्याचा शूर सेनापती म्हणून होणारा गौरव आणि क्रौर्याबद्दलचा ठपका, हे दोन्ही याच ग्रंथांत शेजारी शेजारी आढळतात. हिम्स येथे त्याच्या नावाची मशीद असून सिरियातील यादवी युद्धात २०१३ मध्ये तिची व तेथील त्याच्या कबरीची मोठी हानी झाली.