खुडूक कोंबडीच्या नाकातलं पीस

आठवडा झाला, आमची तांबडी खुडूक बसलीय. खुराड्यात हात घातला की अंग फुगवते, कुरकुरते, टोच मारते. खाली अंडं एकही नाही, नुसता भुसा. तिचं बघून काळीही बसली. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "नाकात पीस घाला की, दोन दिवसांत उठंल."

हा पिसाचा उपाय आपल्याकडं घरोघरी माहीत आहे. पण तो फक्त आपल्याच खेड्यांतला आहे असं समजू नका. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाचा रोमन शेतकरी होता, मूळचा स्पेनमधल्या कादिझचा. त्यानं शेतीवर लॅटिनमध्ये 12 भागांचा ग्रंथ लिहिला, त्यातल्या आठव्या भागात कोंबड्या आहेत. ज्या कोंबडीकडून अंडीच हवीत तिची बसायची खोड मोडायला नाकपुड्यांतून बारीक पीस ओवा, असं तो सांगतो. आणि जिला बसवायचं तिच्याखाली अंडी विषम संख्येत ठेवा, गवतात लोखंडी खिळे आणि लसणाचे गड्डे घाला, म्हणजे ढगांच्या गडगडाटानं अंडी नासत नाहीत. आमची आजी रवणीच्या पाटीत लोखंडाचा तुकडा, कोळसा आणि लाल मिरची ठेवायची, तेही गडगडाटासाठीच. माझं मत विचाराल तर अंडी नासतात ती दमट हवेनं आणि शिळी अंडी बसवल्यानं. वीज कडाडते त्याच दिवसांत हे होतं, म्हणून दोष विजेला.

सांगायचा मुद्दा असा, की कोलुमेलाला दोन्ही कोंबड्या लागत होत्या, बसणारी आणि न बसणारी. कुणाला बसवायचं नि कुणाला उठवायचं हे मालकानं ठरवायचं. खुडूक होणं हा दोष कधी ठरला? तर कोंबडीवाचून पिल्लं निघायला लागली तेव्हा.

इजिप्तमध्ये ते फार आधी जमलं होतं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलनं तिथं शेणखताच्या ढिगात अंडी उबवतात अशी नोंद केलीय. पुढं तिथं मातीच्या मोठ्या भट्ट्या आल्या. पेंढा आणि शेणाच्या धगीवर हजारो अंडी उबवायची, आणि ऊब किती झाली हे अंडं पापणीला लावून ओळखायचं. थर्मामीटर नाही, काही नाही! रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1749 मध्ये या विद्येवर पुस्तक काढलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी 1879 च्या सुमारास लायमन बाइसनं उबवणी यंत्र चालतं केलं, आणि ते गाव अंड्यांसाठी नावाजलं. मशीन पिल्लं काढतंय म्हटल्यावर बसणारी कोंबडी म्हणजे नुसता तोटा. 21 दिवस रवण, पुढं पिल्लांमागं दीड-दोन महिने, तोवर अंडं नाही. इटलीच्या लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेली पांढरी लेगहॉर्न मुळातच कमी बसणारी. पैदासकारांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून तिच्यातून खुडूकपण जवळजवळ पुसूनच टाकलं.

हे नेमकं कशानं होतं ते 1935 मध्ये कळलं. अमेरिकेतल्या ऑस्कर रिडल आणि सहकाऱ्यांनी अंड्यावरच्या कोंबड्यांना प्रोलॅक्टिन टोचलं, तर त्या खुडूक बसल्या. पोटाला घरट्याची ऊब आणि स्पर्श मिळत राहिला की हे संप्रेरक वाढतं आणि अंडाशय थंडावतं. म्हणून उठवायचं असेल तर पोट गार ठेवा. खालून जाळी असलेला पिंजरा, भुसा नको, उजेड आणि वारा भरपूर, दाणापाणी नेहमीसारखं. तीन-चार दिवस पुरतात. पाण्यात बुचकळणं त्याच विचाराचं, पण कोंबडी गारठते, मी करत नाही. पिसानं ती सारखी डोकं झटकत राहते, एका जागी टिकत नाही, एवढंच. जिवाला त्रास देऊन जे मिळतं ते पिंजऱ्यात फुकट मिळतं.

आता आपल्याकडचं. गावरान कोंबडी 10-15 अंडी घालते की बसते, वर्षाला अंडी पन्नास-साठ. वनराजा, गिरिराजा या सुधारित कोंबड्या जास्त अंडी देतात आणि सहसा बसत नाहीत. पण कळप संपला की पिल्लं पुन्हा विकत. एका वर्षी आमची मागवलेली पिल्लं दोन दिवस वाटेतच अडकली, निम्मी मेली. त्या साली घरच्या तीन खुडूक कोंबड्यांनी कळप धरून ठेवला. वनराजाची अंडी गावरानखाली ठेवून पिल्लं निघतात, पण पुढची पिढी आईएवढी अंडी देत नाही. त्यामुळं बसवायची ती शक्यतो गावरान अंडी, आठवड्याच्या आतली.

तांबडी अंगानं मोठी, रवण सोडत नाही, अंडी फोडत नाही. काल रात्री अंधारात तिच्याखाली 11 अंडी सरकवली. काळी मागच्या वेळी दहाव्या दिवशी उठून गेली होती, ती पिंजऱ्यात आहे, आज तिसरा दिवस.

परतीचा पाऊस गडगडतोय. सकाळी पाटी बघितली तर कडेला एक कोळसा. आईनं ठेवलाय. राहू दिला.