रोरी गॅलहर यांची पहिली तबकडी

मिसिसिपीच्या कापूसमळ्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या दुःखातून जन्मलेले ब्लूजचे गाणे हजारो मैलांवरच्या एखाद्या गोऱ्या तरुणाने गावे, तर त्या गाण्यावर त्याचा अधिकार कोणता? हा प्रश्न पुष्कळांनी विचारला आहे. आयर्लंडचे गिटारवादक रोरी गॅलहर यांची मे १९७१ मध्ये स्वतःच्या नावाने निघालेली पहिली ध्वनिमुद्रिका ऐकताना ह्या प्रश्नाचे एक प्रामाणिक उत्तर आम्हांस सापडते.

रोरींचा जन्म २ मार्च १९४८ रोजी बॅलीशॅनन गावी झाला. बालपण कॉर्क शहरात गेले. तेथे ब्लूज शिकवणारा गुरू कोठून मिळणार? मिळाला तो रेडिओ. लक्झेंबर्गचे केंद्र आणि युरोपातील अमेरिकन सैनिकांसाठी चालणारे केंद्र, ह्या दोन पाठशाळा. लॉनी डॉनेगन हे त्यांचे पहिले दैवत. परंतु डॉनेगन गात त्यांतली कित्येक गाणी मूळची लेड बेली आणि वुडी गथ्री यांची, हे कळताच हा मुलगा उगमाकडे वळला आणि शोधत शोधत मडी वॉटर्सपर्यंत पोहोचला.

१९६३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी शंभर पौंड किमतीची एक वापरलेली स्ट्रॅटोकॅस्टर गिटार उधारीवर घेतली. त्या सुमारास ते शोबँडमध्ये वाजवू लागले. शोबँड म्हणजे नृत्यगृहांतून लोकप्रिय गाणी जशीच्या तशी वाजवून दाखवणारे ताफे. नक्कल हाच तेथला व्यवसाय. ह्या उमेदवारीला नाके मुरडण्याचे कारण नाही. हात तयार झाला तो तेथेच.

पुढे १९६६ मध्ये त्यांनी ‘टेस्ट’ हे त्रिकूट उभारले, नाव कमावले, आणि १९७०च्या अखेरीस ते मोडले. बावीस वर्षांच्या रोरींनी मग बेलफास्टचे दोन साथीदार घेतले: बास गिटारीवर गेरी मॅकअव्हॉय, तालवाद्यांवर विल्गर कॅम्बेल. ध्वनिमुद्रण लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत झाले. निर्मितीची सूत्रे मात्र रोरींनी स्वतःकडेच ठेवली.

तबकडीवरची दहाही गाणी त्यांची स्वतःची आहेत. आरंभीचे ‘लॉन्ड्रोमॅट’ हे राहत्या इमारतीतील सार्वजनिक धुलाई-दुकानावरून सुचलेले. आमच्या मते उत्तर येथेच आहे. कापूसमळ्याचे दुःख रोरींनी भोगले नव्हते, आणि भोगल्याचा आवही त्यांनी आणला नाही. रीत ब्लूजची घेतली, जगणे स्वतःचे घातले. ‘जस्ट द स्माइल’मध्ये तर विजेच्या गिटारीला विश्रांती आहे. तेथे बर्ट जान्श आणि डेव्ही ग्रॅहम ह्या ब्रिटिश लोकगायकीच्या गिटारवादकांचे ऋण स्पष्ट ऐकू येते. ‘आय फॉल अपार्ट’ हळुवार सुरू होऊन शेवटच्या गिटारीत असे काही उसळते की, केवळ त्याच्यासाठी तबकडी पुन्हा लावावी. ‘वेव्ह मायसेल्फ गुडबाय’मध्ये व्हिन्सेंट क्रेन यांचा पियानो मोठी रंगत आणतो. अखेरच्या गाण्यात रोरी सॅक्सोफोन हाती घेतात. तो आम्हांस त्यांच्या गिटारीइतका मोहवत नाही, हे सांगितले पाहिजे.

त्याच बैठकींत आणखी दोन गाणी मुद्रित झाली होती, ओटिस रश यांचे ‘इट टेक्स टाइम’ आणि मडी वॉटर्स यांचे ‘जिप्सी वुमन’. दोन्ही उत्तम वठली. तरी मूळ तबकडीवर त्यांना जागा मिळाली नाही. पुष्कळ वर्षांनी नव्या आवृत्तीत ती प्रसिद्ध झाली. गुरूंची गाणी बाजूला राहिली आणि शिष्याची तेवढी पुढे आली, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

त्यानंतर काही महिन्यांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, मडी वॉटर्स ध्वनिमुद्रणासाठी लंडनला आले. साथीला गिटार घेऊन बसण्याचे बोलावणे ज्यांना आले, त्यांत रोरी गॅलहर होते.