निषेध आणि विधी : कोल्हापुरातील जुन्या इमारतींच्या रक्षणाचे नियम

कोल्हापूरच्या शुक्रवार दरवाज्याजवळील जैन मंदिरात शिलाहार राजा विजयादित्य याचा शके १०६५, म्हणजे इ. स. ११४३ चा एक संस्कृत शिलालेख आहे. वासुदेव नामक गृहस्थाने बांधविलेल्या पार्श्वनाथाच्या मंदिरास राजाने भूमी दिल्याचे त्यात नमूद आहे. शिलाहारांच्या वंशावळीसाठी या लेखाचा उपयोग पुष्कळ झाला आहे. आम्हांस येथे त्यातील एकाच सामासिक शब्दाविषयी लिहावयाचे आहे. दानाचे हेतू सांगताना लेख तीन गोष्टी मोजतो : देवाची अष्टविध पूजा, यतींना आहारदान, आणि ‘खण्डस्फुटितजीर्णोद्धार’, म्हणजे वास्तूचे जे मोडले, जे फुटले, त्याची दुरुस्ती.

हा शब्द दक्षिणेतील दानलेखांत वारंवार येतो, म्हणून वाचणाऱ्याची नजर त्यावरून सहज घसरते. परंतु त्याचा अर्थ लहान नाही. इमारत उभी राहिली त्याच वेळी ती एके दिवशी मोडणार हे दात्याने गृहीत धरले, आणि त्या दिवसाचा खर्च कोठून निघावा हेही ठरविले. दानलेखांच्या शेवटी येणारे शापवचन सर्वांच्या परिचयाचे आहे. दिलेले दान हिरावून घेणारा साठ हजार वर्षे विष्ठेतील कृमी होतो, असा त्याचा आशय. मीमांसकांच्या परिभाषेत बोलायचे तर शाप हा निषेध, आणि जीर्णोद्धाराची तरतूद हा विधी. काय करू नये आणि काय करावे, ही दोन्ही एकाच शिळेवर कोरलेली असत.

आता आजचे नियम पाहू. इ. स. १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. कोल्हापूर संस्थानात तो लागू नव्हता. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले. पुढे १९५८ चा केंद्राचा व १९६० चा महाराष्ट्राचा असे दोन कायदे झाले. पण ते घोषित स्मारकांपुरते. शहरातील वाडे, नाट्यगृहे, शाळा, बाजार यांचा विचार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या आधारे होतो. त्याखाली मुंबईत १९९५ साली वारसा-वास्तूंचे नियम अमलात आले. कोल्हापूरसह राज्यातील बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० मध्ये जी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली, तिनेही हीच चौकट पत्करली आहे. वास्तूंची यादी करावी. महत्त्वानुसार पहिली, दुसरी वा तिसरी श्रेणी द्यावी. आणि यादीतील वास्तू पाडण्यास किंवा बदलण्यास तज्ज्ञ समितीचा सल्ला घेऊन आयुक्तांनी अनुमती दिल्याखेरीज कोणी हात लावू नये.

हा निषेध झाला, आणि तो योग्यच आहे. गंगावेस, रंकाळा वेस ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत, पण त्या वेशी ज्या तटाच्या होत्या तो तट राहिला नाही. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे, कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई. असा नियम पूर्वी असता तर यांतील काही वाचले असते.

परंतु जुनी इमारत कुदळीनेच पडते असे नाही. कोल्हापूरच्या पावसात एक कौल सरकले की पाणी वाशावर येते. वाशावरून ते तुळईच्या भिंतीत बसविलेल्या टोकाशी जिरते. टोक कुजले की माळा खचतो आणि मातीची भिंत पोटातून फुगते. हे व्हायला दहा-वीस पावसाळे पुरतात, आणि या काळात कोणीही कोणताही नियम मोडलेला नसतो. मग महानगरपालिका अधिनियमाच्या २६४ व्या कलमान्वये इमारत धोकादायक ठरते. ते कलम दुरुस्तीचा हुकूमही देऊ देते आणि पाडण्याचाही. पण पाडणे स्वस्त पडते.

आगीलाही अनुमती लागत नाही. छत्रपती शाहू महाराजांनी उभारलेले व १९१५ साली खुले झालेले पॅलेस थिएटर, म्हणजेच आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या वास्तूवर कोणी कुदळ उगारली नव्हती. उलट साऱ्या शहराचे तिच्यावर प्रेम होते. नुसता निषेध आणि नुसते प्रेम यांनी काय राखले जाते, हे त्या रात्री कळले.

मग विधी कोठे आहे? मुंबईच्या नियमांत यादीतील वास्तूची दुरुस्ती मालकाने वा भोगवटादाराने करावी असे म्हटले आहे, आणि साहाय्यासाठी स्वतंत्र निधी ‘उभारता येईल’ असेही. मालकाला हस्तांतरणीय विकास हक्काची सवलतही आहे. ही सवलत बुडालेल्या नफ्याची भरपाई करते. ती दुरुस्तीवरच खर्च होईल याची हमी नाही. ‘उभारता येईल’ हा शब्दप्रयोग तर शिलाहारांच्या लेखकाने खचित वापरला नसता. त्याने भूमी दिली होती.

यावर कोणी म्हणेल, त्या दानांचे तरी काय झाले? भोज दुसरा याचे राज्य यादव सिंघणाने घेतले आणि आचंद्रार्क म्हणून दिलेली दाने चंद्रसूर्याइतकी टिकली नाहीत. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. कोणतीही तरतूद ती राखणाऱ्या माणसांइतकीच टिकते. पण तरतूद मोडली तर ती मोडली असे दाखविता तरी येते. जी केलीच नाही तिच्याविषयी कोणास जाब विचारावा?

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. वारसा-वास्तूच्या नोंदीत नाव, ठिकाण व श्रेणी यांच्याबरोबर आणखी दोन रकाने असावेत : दुरुस्ती कोणी करावयाची, आणि पैसा कोणत्या शीर्षातून यावयाचा. प्रतिवर्षी मृगापूर्वी प्रत्येक वास्तूचे छप्पर पाहून त्या रकान्यांत दिनांकासह नोंद व्हावी. हे रकाने जेथे कोरे राहतील तेथे वास्तू पडण्याआधीच तिचे भविष्य वाचता येईल. आठशे ऐंशी वर्षांपूर्वी या नगरीच्या राज्यकर्त्यांनी हे दोन्ही रकाने दगडावर भरून ठेवले होते. आपल्याला ते कागदावर भरावयाचे आहेत.