जिम्नी कॅम्पिंगसाठी कशी तयार करावी? आधी किलोंचा हिशोब, मग वॅटचा

फोर बाय फोर गाडी घरी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आता हिला काय काय लावायचं? रूफ टेंट, स्टीलचा बंपर, विंच, फ्रीज, यादी संपतच नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे सर्व्हरवर नवीन काही चढवण्याआधी त्याची कपॅसिटी बघतात. गाडीलाही हाच नियम लावला की निम्मी खरेदी आपोआप रद्द होते.

या लेखात उदाहरण म्हणून पाच दरवाजांची मारुती जिम्नी घेतली आहे, कारण मी तीच वापरतो. तुमच्याकडे थार किंवा गुरखा असेल तर तिचे आकडे घालून हाच हिशोब करा.

गाडी किती वजन पेलते?

प्रत्येक गाडीची दोन वजनं असतात. इंधन भरलेल्या, पण माणसं आणि सामान नसलेल्या गाडीचं वजन म्हणजे कर्ब वेट. सगळं धरून जास्तीत जास्त किती चालेल ते म्हणजे ग्रॉस वेट. जिम्नीच्या सगळ्यात जड मॉडेलचं कर्ब वेट १२१० किलो आणि ग्रॉस वेट १५४५ किलो आहे. म्हणजे आपल्या हातात फक्त ३३५ किलो. यात ड्रायव्हरही आला!

आता दोघांच्या ट्रिपसाठी, लोक सहसा लावतात तो सेटअप मांडून बघू (वजनं अंदाजे आहेत):

- दोन माणसं: १५० किलो
- रूफ टेंट: ६० किलो
- रूफ रॅक: २५ किलो
- प्लायवूडचे ड्रॉवर: ४० किलो
- फ्रीज आणि त्यातलं सामान: २५ किलो
- दुसरी बॅटरी, चार्जर, वायरिंग: १५ किलो
- पिण्या-वापरण्याचं ३० लिटर पाणी: ३० किलो
- रिकव्हरीचं सामान आणि कंप्रेसर: २० किलो
- शेगडी, भांडी, अंथरूण-पांघरूण, कपडे: ३० किलो

बेरीज ३९५ किलो. विंच आणि स्टीलचा बंपर अजून लावलेलाही नाही, तरी आपण ६० किलोंनी वर गेलो. ग्रॉस वेट हा कागदावरचा शोभेचा आकडा नाही. ब्रेक, स्प्रिंग, अ‍ॅक्सल आणि टायर त्याच हिशोबाने बनवलेले असतात. जास्त वजन घेऊन लांबलचक घाट उतरताना ब्रेक तापतात आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. शिवाय छतावरच्या ८५ किलोंमुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. जिम्नीसारखी अरुंद आणि उंच गाडी वळणावर किंवा तिरक्या उतारावर मग लवकर कलते.

आता रूफ टेंटऐवजी ६ किलोंचा जमिनीवरचा तंबू घ्या, रॅक काढून टाका आणि ड्रॉवरच्या जागी ८ किलोंचे प्लास्टिकचे डबे ठेवा. बेरीज येते २८४ किलो. ५१ किलो शिल्लक राहिले आणि बरेच पैसेही वाचले.

रूफ टेंट हवाच असेल तर मॅन्युअलमध्ये छताची वजनमर्यादा बघा. ती चालत्या गाडीची असते. गाडी उभी असताना छत जास्त पेलतं, म्हणून रात्री वर दोघं झोपू शकतात. पण टेंट आणि रॅकचं वजन मात्र चालत्या मर्यादेतच बसायला हवं.

टायर आणि हवा

जिम्नीत लो रेंज कंपनीकडूनच मिळते, त्यामुळे खडकाळ चढासाठी फार काही बदलावं लागत नाही. एक लक्षात ठेवा: हिची फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, मधे डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर ४एच मध्ये वळणं घेतली तर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक जिरायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण ट्रान्समिशनवर येतो. माती, वाळू, चिखल किंवा बर्फ लागला तरच ४एच टाका.

पहिला खर्च चांगल्या ऑल-टेरेन टायरवर करा, दुसरा एअर कंप्रेसरवर. वाळूत टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर लांबट पसरतो आणि गाडी रुतायची थांबते. एवढ्या कमी हवेवर वेग कमी ठेवा आणि झटकन वळू नका, नाहीतर टायर रिममधून निघू शकतो. डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा पुन्हा भरा. कंप्रेसर लागतो तो त्यासाठी.

रुतलेली गाडी ओढताना

ताणणारा रिकव्हरी पट्टा रबरासारखी ऊर्जा साठवतो. तो टो बॉलला किंवा ट्रकवर गाडी बांधायच्या हूकला कधीही लावू नका. तो भाग तुटला तर गोळीसारखा सुटतो, आणि असे जीवघेणे अपघात झालेले आहेत. चॅसिसला बोल्ट केलेला रिकव्हरी पॉइंटच वापरा. बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करा. त्याआधी फावडं आणि चाकाखाली घालायच्या पट्ट्या वापरून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.

विजेचा हिशोब

४० लिटरचा १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रीज चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो. आपल्या उन्हाळ्यात तो निम्मा वेळ चालतो असं धरू. २४ तासांचे झाले ५४० वॅट-अवर. लाइट २५, दोन फोन ३० आणि लॅपटॉप ६० धरले की एकूण ६५५.

१०० अँपिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत १२०० वॅट-अवर असतात, पण टिकवायची असेल तर निम्मेच वापरायचे. म्हणजे ६०० मिळाले, एक दिवसही पुरा पडत नाही. तेवढ्याच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२८० असतात आणि ८० टक्के आरामात वापरता येतात. १०२४ वॅट-अवर म्हणजे दीड दिवस. वजनही लेड-अ‍ॅसिडच्या निम्म्याहून कमी.

ही बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडू नका. लिथियम बॅटरी हपापल्यासारखा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. मधे डीसी-डीसी चार्जर लावा. २० अँपिअरचा चार्जर साधारण २८० वॅट देतो, म्हणजे दिवसाचा वापर अडीच तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये भरून निघतो.

वायर जाड हवी. पुढच्या बॅटरीपासून डिकीपर्यंत जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची वायर आणि २५ अँपिअर करंट धरला, तर ६ चौरस मिमीच्या वायरमध्ये पाऊण व्होल्ट वाया जातो, १६ च्या वायरमध्ये जेमतेम पाव. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ लावा. वायर कुठे घासून चॅसिसला टेकली तर फ्यूज उडायला हवा. तो नसेल तर वायरच पेटते.

स्पितीला किंवा लडाखला जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज केली तर आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि ती कायमची खराब होते. थंडीत चार्जिंग आपोआप बंद करणारी बीएमएस आहे का, हे घेतानाच विचारा. आणि कितीही थंडी असो, तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. बुल बारवर केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. त्यामुळे गाडीच्या आत ठेवलेलं आणि काढता येणारं सामान सगळ्यात सोपं. बॉडी, चॅसिस किंवा टायरचा साइज बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारून घ्या.

खरेदीचा क्रम

टायर, कंप्रेसर, रिकव्हरीचं सामान, तंबू, आणि सगळ्यात शेवटी फ्रीज-बॅटरी. एक-दोन रात्रींच्या कॅम्पला बर्फाचा डबा पुरतो. फ्रीज घ्यायची घाई नको.

निघायच्या आदल्या दिवशी टाकी फुल करा, सगळं सामान भरा, सोबत येणाऱ्यांना बसवा आणि जवळच्या वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या अ‍ॅक्सलवर किती आलं तेही कळतं. पावतीवर १५४५ च्या वरचा आकडा आला, तर काय घरी ठेवायचं ते तिथेच ठरवा.