बिबा उतला, त्याची नोंद कुठे?

चांगल्या चाललेल्या कामात कुणी खोडा घातला की आपण म्हणतो, ‘त्याने मध्येच बिब्बा घातला.’ हा वाक्प्रचार वापरणाऱ्या अनेकांनी बिबा पाहिलेला असतो तो फक्त दारावर किंवा ट्रकपुढे, लिंबू-मिरचीच्या जोडीला काळा मणी म्हणून. काटोलसारख्या, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या भागात त्याची ओळख जास्त जवळची आहे. पायात काटा मोडला, कुरूप झाले, टाचा चिरल्या, सांधा धरला, मूळव्याध उठली, की बिब्याचा चटका, लेप किंवा धुरी. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याला मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज सुटते, अंग सुजते, पाणी धरलेले फोड येतात. घरातले माणूस म्हणते, ‘याला बिबा उतला.’

हा शब्द मला फार नेमका वाटतो. दूध उतू जाते तसा तो अंगावर उततो, आणि सगळ्यांना उतत नाही, हे निरीक्षणही त्यात आहेच. बिब्याच्या तेलकट काळ्या रसात भिलावनॉल नावाचे द्रव्य असते. ते कातडी भाजते, शिवाय काहींच्या शरीराला त्याचे वावडे जडते. पहिल्या वेळी काही न होता दुसऱ्या वेळी अंग पेटते ते त्यामुळे. एकाच घरात आईला मानवलेला उपाय मुलाला दवाखान्यात नेतो.

‘आयुर्वेदात सांगितले आहे, मग अपाय कसा होईल?’ हा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर चरकसंहितेतच आहे. भल्लातक म्हणजे बिबा तीक्ष्ण, अग्नीसारखा आहे, विधीनुसार वापरला तरच अमृतासमान, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. विधीही बारीक आहे. उन्हाळ्यात जमवलेली निर्दोष फळे चार महिने धान्याच्या राशीत ठेवायची, थंडीत वापरायची. काढा घेण्याआधी तोंडाला आतून तूप लावायचे. दहा बिब्यांपासून सुरुवात, रोज एक वाढवत तीसपर्यंत, त्यापुढे नाही. पुढच्या काळातल्या वैद्यांनी विटेच्या भुकटीत चोळून रस काढून टाकण्याची शुद्धी सांगितली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला हे औषध भाजते हे पक्के ठाऊक होते. आपण औषध तेवढे लक्षात ठेवले, विधी विसरलो.

गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात बिब्यावर एक स्वतंत्र संवाद आहे. नंतर इंग्रजी अमदानीत बिबा कागदोपत्री अधिक दिसू लागतो, पण कुठे, ते पाहण्यासारखे आहे. तो दिसतो कोर्टात. शेजाऱ्याने मारहाण केली असे भासवायचे असेल तर अंगावर बिब्याचा रस लावायचा. काळानिळा डाग उठतो आणि मारल्याचा वळ म्हणून दाखवता येतो. १९२० साली पहिली आवृत्ती निघालेल्या जयसिंग मोदींच्या न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकासारख्या ग्रंथांतून डॉक्टरांच्या पिढ्या खरा वळ आणि बिब्याचा डाग यांतला फरक शिकल्या. बिब्याच्या डागाला खाज असते, कडेला बारीक फोड असतात, खाजवलेल्या बोटांवरही ते उठतात, आणि डाग नेमका स्वतःचा हात पोचेल तिथे असतो. म्हणजे बिबा उतलेल्या माणसाकडे डॉक्टरने पहिल्यांदा पाहायचे ते हा खोटे तर बोलत नाही ना, या नजरेने!

दुसरी मोठी नोंद लष्कराची. परीट कपड्यांवर खुणा करायला बिब्याचा रस वापरत; ती खूण धुऊन जात नाही. वनस्पतीशास्त्रातल्या ‘सेमेकार्पस’ या नावाचा अर्थही खुणेचे फळ असाच आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, जिथे कपड्याची खूण टेकते तिथे चट्टे उठू लागले. लिव्हिंगूड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्याचे कारण मांडले. अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या विषारी वेलीतले द्रव्य बिब्याच्या द्रव्याचे भाऊबंद आहे. त्या वेलीचे वावडे घेऊन आलेल्या माणसाला परटाची एवढीशी खूणही पुरते.

कोर्टाला फसवणारा आणि पलटणीतला शिपाई, दोघांची नोंद झाली. टाचेच्या भेगांना बिबा लावून पाय सुजलेली बाई, किंवा बिबे फोडून गोडंबी काढताना हात भाजून घेणारी मजूर, यांची अशी दखल क्वचितच घेतली गेली. एक तर त्या उशिरा येतात. आधी खोबरेल, तीळ, तूप लावून चार दिवस वाट पाहिली जाते. आल्यावर ‘काही औषध घेतलं का?’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असे येते, कारण बिबा हे त्यांच्या लेखी औषध नसून घरचाच उपाय असतो. शिवाय बोलणी बसण्याची भीती. मग केसपेपरवर ‘त्वचेची अ‍ॅलर्जी’ एवढेच उरते.

हे नुसते नोंदीपुरते असते तर एक वेळ चालले असते. १९७९ साली वेल्लोरच्या मत्थाई आणि दाते या डॉक्टरांनी बिब्याच्या झाडाच्या चिकाशी संबंध आल्यावर मूत्रपिंडाचा बाहेरचा थर मृत झाल्याचे उदाहरण प्रसिद्ध केले. फोड अंगावर दिसतात, मूत्रपिंड दिसत नाही. कारण ठाऊक नसलेला डॉक्टर मलम देऊन घरी पाठवू शकतो.

कायद्याला बिबा ठाऊक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ या विषारी द्रव्यांच्या यादीत भल्लातक आहे, धोतरा आणि बचनागाच्या पंगतीत. असे द्रव्य असलेल्या पोटात घ्यायच्या तयार औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापावी लागते. आठवडी बाजारातल्या बिब्याच्या ढिगाला अर्थातच कसलेही लेबल नसते. आयुर्वेदिक, सिद्ध, युनानी औषधांच्या अपायांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ साली सुरू झाला; पण तिथवर घरचा बिबा पोचायचा तर आधी तो रुग्णाच्या तोंडून केसपेपरवर यायला हवा.

तेव्हा बिबा उतलाच तर लावलेली जागा लगेच साबण-पाण्याने धुवावी, फोड फोडू नयेत. चेहरा किंवा डोळे सुजले, फोड पसरले, ताप आला, तर घरी थांबू नये. बिबा पोटात गेला असेल आणि लघवी कमी किंवा गडद होऊ लागली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. काटोलहून नागपूरचे मेडिकल किंवा मेयो साठेक किलोमीटर. तिथे पाठवले तर उरलेला बिबा, चूर्ण किंवा पुडी सोबत न्यावी, आणि कधी लावले, किती घेतले, आधी कधी उतला होता का, हे विचारायची वाट न पाहता सांगावे.